डिकीतली धडधड

...नाही, पण मी म्हणतो, आधीच्या स्टिरिओला काय धाड भरली होती? चांगला होता की! कंपनीने बसवून दिलेला, गाडीबरोबर आलेला, दोन बटणं, एक फिरवलं की आवाज कमीजास्त, दुसरं फिरवलं की स्टेशन बदलायचं, संपलं! उजवीकडचा स्पीकर थोडा खरखरायचा, मान्य आहे. म्हणजे बातम्या देणारा माणूस मक्याच्या लाह्या खात खात बातम्या देतोय असं वाटायचं. पण बातम्या कळायच्या ना? हवामान कळायचं ना? आता आमच्या सॅन अँटोनियोत हवामानात कळण्यासारखं असतं काय म्हणा, उद्या ऊन, परवा ऊन, तेरवा जास्त ऊन... पण कळायचं! मग कशाला हात लावायचा? जे चालू आहे ते उघडायचं कशाला?

आणि घाबरट म्हणतात मला! घाबरट! अहो, मी विमा कंपनीतला माणूस. एव्हारिस्तो कांतू, नुकसानभरपाई विभाग. माझ्या टेबलावर दिवसभर काय येतं? फुलं? लोकांच्या जळलेल्या, बुडालेल्या, चेपलेल्या गाड्या येतात! आणि प्रत्येकाची गोष्ट सुरू कशी होते, सांगू? 'मी काही केलं नाही हो, मी फक्त...' मी फक्त मागच्या सीटवर गरम टॅमालेचं पातेलं ठेवलं. मी फक्त किल्ली तशीच ठेवून पाव आणायला उतरलो. मी फक्त एक वायर जोडली... त्या 'फक्त'च्या पुढे जे असतं ना, ते वाचून वाचून माझं काळीज वाटाण्याएवढं झालंय. तुम्हीच सांगा, घाबरू नको तर काय करू?

तर माझा वाढदिवस आला. मी बायकोला बजावून ठेवलं होतं, ओफेलिया, या वयात मला काही नको. पायमोजे दे, बास. ती म्हणाली, बरं. पण तिला एक भाऊ आहे ना! फिदेन्सियो. सगळे त्याला फिदे म्हणतात. माझा मेव्हणा. अंगाने फ्रीज, आवाजाने ट्रक, आणि मनाने... मनाने सोनं हो, तिथेच तर पंचाईत आहे, माणूस वाईट असता तर हाकलून तरी दिला असता! त्याची स्वतःची एक जुनी जांभळी गाडी आहे, तिचं बटण दाबलं की ती पुढच्या दोन चाकांवर उड्या मारते. मी विचारलं होतं एकदा, फिदे, गाडीने उड्या का माराव्यात? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी विचारलं, माणसाने श्वास का घ्यावा.

शनिवारी सकाळी दारात उभा. हातात खोकी. पाठीमागे आणखी खोकी.

"दाजी! वाढदिवसाची भेट! तुमची गाडी आज माणसात आणतो!"

मी म्हटलं, "गाडी कशाला माणसात आणायची? गाडी गाडीतच राहू दे."

"दाजी, आवाज कसला आहे तिचा! डब्यात माशी अडकल्यासारखा! मला लाज वाटते हो. माझ्या बहिणीच्या गाडीतून असा आवाज?"

आणि खोकी उघडली. एक स्टिरिओ, त्याला टीव्हीसारखा पडदा. एक ॲम्प्लिफायर, लोखंडी, वजनाला बोकडाएवढा, त्याला नुसते पंखच पंख. आणि एक पेटी... ती पेटी म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, तिच्या तोंडाला पिझ्झाएवढा गोल काळा स्पीकर. वूफर म्हणतात त्याला. मी बोट लावून बघितलं तर ते आत गेलं आणि बाहेर आलं... श्वास घेतल्यासारखं! मी हात मागे घेतला.

मग मी आपली ती माहितीपुस्तिका उचलली. उघडतो तर काय, इशारे! पहिल्या पानावर इशारे, दुसऱ्यावर इशारे, तिसऱ्यावर एक चित्र, त्यात एक काड्यांचा माणूस आणि त्याच्या अंगातून वीज निघालेली... मी मोठ्याने वाचायला लागलो, "आग लागण्याचा संभव, शॉक बसण्याचा संभव, श्रवणशक्तीला कायमची..."

"दाजी, ते ठेवा खाली. ते वकिलांनी लिहिलंय, वाजवणाऱ्यांनी नाही."

"पण फिदे, हे कुठल्यातरी दुकानात नेऊन..."

"दुकानात? मी असताना? काही होत नाही, दाजी!"

काही होत नाही! तुम्हाला सांगतो, 'मी फक्त'च्या खालोखाल मला कुठले शब्द घाबरवत असतील तर हे. माझ्या टेबलावरची अर्धी माणसं कुणीतरी 'काही होत नाही' म्हटल्यामुळेच आलेली असतात!

बरं, अवजारं? अवजारं म्हणजे काय, तर एक ड्रिल, एक पक्कड, आणि आमच्या स्वयंपाकघरातली लोणी लावायची सुरी. ती सुरी त्याने डॅशबोर्डच्या फटीत घातली आणि मनगटाला असा काही झटका दिला, की कडाक्! तो आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. दात उपटताना आतून ऐकू येतो ना, तो आवाज.  मी अंगणातल्या पेकनच्या झाडाला धरून उभा राहिलो. "फुटला?" तर म्हणतो, "निघाला!" आणि ते डॅशबोर्डचं तोंड काढून सीटवर ठेवलं. आत... अहो, आत नुसत्या वायरी! लाल, काळ्या, हिरव्या, पट्ट्यापट्ट्यांच्या... माझी इतक्या वर्षांची गाडी, रोज हिच्यात बसून ऑफिसला जातो, आणि हिच्या पोटात हे सगळं होतं? त्यात मला पिवळी दिसली.

"फिदे! पिवळीला हात लावू नकोस! पिवळी म्हणजे एअरबॅग! एका माणसाने आमच्याकडे दावा लावला होता, त्याने फक्त पिवळी वायर जरा बाजूला केली आणि एअरबॅग तोंडावर फुटली, त्याचा चष्मा मागच्या काचेत..."

"दाजी, तुम्ही जरा लिंबू सरबत आणता का?"

म्हणजे मला घालवून दिलं! माझ्याच गाडीजवळून! आणि मी गेलो हो. कारण सरबत करताना स्वयंपाकघराची भिंत मधे असते. घाबरू नको तर काय करू?

सरबत घेऊन येतो तर साहेब बॉनेट उघडून इंजिनाच्या मागच्या पत्र्याला ड्रिल लावून उभे. त्याचं म्हणणं असं, की त्या ॲम्पला बॅटरीतून थेट वीज पाहिजे. बॅटरी पुढे, ॲम्प डिकीत. म्हणजे एक जाडजूड लाल वायर, बागेतल्या नळीसारखी, पुढून पत्र्यातून आत आणायची आणि पायाखालून मागपर्यंत न्यायची. त्यासाठी पत्र्याला भोक.

मी म्हटलं, "थांब! या पत्र्याच्या पलीकडे ब्रेकची नळी असते!"

"असते की. पण जरा डावीकडे."

"किती डावीकडे?"

"ते आता कळेलच!"

आणि घर्रर्रर्र! मी डोळे मिटले. सरबत अर्धं माझ्या बुटात. डोळे उघडले तर भोक पडलेलं, ब्रेकची नळी वाचलेली, आणि फिदे त्या भोकातून वायर ढकलतोय, बोकडाच्या गळ्यात दोरी घालावी तशी. तेवढ्यात मला पुस्तिकेतलं एक चित्र आठवलं. "फिदे, बॅटरीजवळ फ्यूज लावायचा असतो म्हणे. त्यात लिहिलंय. ठळक अक्षरात लिहिलंय."

"हो हो, फ्यूज आहे. गाडीत कुठेतरी पडलाय. पुढच्या शनिवारी लावू. काही होत नाही, दाजी!"

आणि सगळं बंद केल्यावर त्याच्या मुठीत स्क्रू उरले. मूठभर! मी विचारलं, हे कुठले? तर म्हणतो, कंपनीवाले उगाच जास्त लावतात.

मग वाजवला. काय सांगू तुम्हाला... आधी काहीच नाही. शांतता. मग माझ्या पोटात काहीतरी झालं. कानात नाही, पोटात! धड्! सकाळी खाल्लेली अंडी जागच्या जागी उठून बसली. धड् धड्! गाडीतला आरसा सुटून खाली पडला. पेकनच्या झाडावरच्या चिमण्या एकजात उडाल्या. तिसऱ्या घरातल्या गाडीचा भोंगा आपोआप केकाटायला लागला. शेजारच्या किरोगाबाई झाडू घेऊन धावत आल्या, "एव्हारिस्तो! गॅसची टाकी गेली का तुमची?" आणि त्यांचं ते मुठीएवढं कुत्रं, आयुष्यात कधी भुंकायचं थांबलं नव्हतं, ते गप्प! नुसतं थरथरत होतं. माझ्याकडे बघून थरथरत होतं. आम्हा दोघांनाच काय ते कळलं होतं.

आणि गाडी चालू केली की आणखी एक गंमत. स्पीकरमधून एक बारीक किंकाळी. जितका वेग वाढवाल तितकी ती किंकाळी वर वर चढत जाते. पहिल्यांदा हायवेवर नेली तेव्हा दोघंही एकदमच किंचाळत होतो, गाडी आणि मी.

आता तुम्ही म्हणाल, मग काढून का नाही टाकला? अहो, काढणार होतो! रविवारी दुपारी फिदेकडे जेवायला जायचं होतं, तिथेच त्याला सांगणार होतो, की बाबा रे, तुझं प्रेम पोचलं, आता हे खुराडं तुझं तू घेऊन जा. वाक्य पाठ केलं होतं मी. पण त्या रविवारी गाडीत सासरे होते.

सासऱ्यांबद्दल सांगायला पाहिजे. डॉन अबुंदियो. ओफेलियाचे वडील, ती त्यांना अपा म्हणते. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. वय झालंय, आणि कान गेलेत. कानातलं मशीन आहे, पण ते शर्टाच्या खिशात असतं. म्हणतात, त्यातून सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलतात. म्हणत असत, म्हणजे. कारण हळूहळू तेही म्हणायचे बंद झाले. आधी फोन सोडला. मग टीव्ही सोडला. मग जेवणाच्या टेबलावर हसणं सोडलं, कारण कशाला हसायचं तेच कळेना. शेवटी बोलणंच सोडलं. खुर्ची खिडकीशी, तोंड रस्त्याकडे, हात मांडीवर. ओफेलिया त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, "अपा, सूप देऊ?" ते मान हलवायचे. एवढंच. मग ती स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडून उभी राहायची. भांडी नसायची हो खाली. नुसता नळ. मला वाटतं, तिला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती, की एक दिवस ती ओरडेल आणि मानही हलणार नाही. बघा, म्हणजे भीती फक्त मलाच वाटते असं नाही.

आणि हा माणूस कोण? तर तरुणपणी साऱ्या दक्षिण टेक्ससमध्ये लग्नांत, जत्रांत, नाचघरांत वाजवणारा! अकॉर्डियनवाल्याच्या शेजारी ते माणसाएवढं उंच लाकडी वाद्य घेऊन उभा राहायचा ना एक जण, जाड तारा बोटांनी ओढणारा, तो. बेस वाजवणारा. त्यांच्यावर भाळून सासूबाई घर सोडून आल्या होत्या म्हणतात. घरात त्या वाद्याचा विषयही निघत नव्हता आता. बहिऱ्या माणसापुढे काय काढायचा?

तर रविवार. चर्च झालं. मी माझा चांगला करडा कोट घातलेला. ओफेलिया पुढे, सासरेबुवा मागे, मांडीवर हॅट. चर्चच्या आवारातून बाहेर पडलो आणि ओफेलियाने तो पडदा कुठेतरी दाबला. मी म्हटलं, नको! पण लागलं. आमच्याकडचं जुनं नाचाचं गाणं, अकॉर्डियन असलेलं. किंकाळी, धडधड, सगळं सुरू. माझ्या हाताखाली स्टिअरिंग गुदगुल्या केल्यासारखं हलायला लागलं. मी म्हटलं, "कमी कर, अगं, अपा मागे आहेत, त्यांच्या पाठीतच वाजतंय ते..."

ओफेलियाने मागे वळून बघितलं. आणि वळलेलीच राहिली.

मी म्हटलं, "काय झालं? बरं नाही का त्यांना? थांबवू का? दवाखान्यात घेऊ का?"

"चालवत राहा," ती म्हणाली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

आरसा नव्हता ना मला! मी लाल सिग्नलला मान वळवून बघितलं. म्हातारा ताठ बसला होता. पाठ सीटला घट्ट लावलेली. डावा हात असा वर, कानाशी, बोटं हवेत काहीतरी दाबतायत, वर सरकतायत, खाली सरकतायत. आणि उजव्या हाताची दोन बोटं पोटासमोर... ओढतायत. तार ओढतायत! धड्ला धड् जुळत होतं हो! कान गेले होते, पण पाठ होती ना! पाठीतून ऐकत होता तो माणूस!

आणि मग बोलले. किती महिन्यांनी कुणास ठाऊक. गंजलेलं फाटक उघडावं तसा आवाज.

"घाई करतोय."

ओफेलिया म्हणाली, "काय, अपा? कोण?"

त्यांनी तिचे ओठ वाचले की काय देव जाणे. म्हणाले, "बेसवाला. घाई करतोय. नाचणाऱ्यांना दमवेल."

ओफेलिया एकदम हसायला लागली आणि रडायला लागली, दोन्ही, आणि माझा दंड धरून हलवायला लागली, हायवेवर! मी म्हणतोय, "अगं स्टिअरिंग! स्टिअरिंग!" आणि तेवढ्यात मला वास आला.

प्लास्टिकचा. जळका.

आता तुम्ही सांगा, माझ्यासारख्या माणसाने काय करावं? इकडे बायको म्हणतेय, "थांबवू नकोस हं, थांबवू नकोस, वाजवू दे त्यांना," तिकडे माझ्या नाकात साक्षात माझं टेबल शिरलेलं! प्रत्येक दाव्यात असतं हो ते वाक्य, 'प्रथम जळका वास आला.' प्रथम! म्हणजे दुसरं काहीतरी येतच असतं! आणि आलं. ओफेलियाच्या पायापाशी, डॅशबोर्डच्या खालून, एक पांढरी रेघ निघाली. अगरबत्तीच्या धुराएवढी. मग अगरबत्ती राहिली नाही.

मी हायवेच्या कडेला गाडी घातली. कशी घातली मला आठवत नाही, मागचा ट्रकवाला मला काय म्हणाला ते मात्र आठवतं. दार उघडलं आणि पळालो. हो, पळालो! आधी मी पळालोच. हसा. कुंपणाच्या तारेपर्यंत एका दमात. ओफेलियाही उतरली होती, पण ती पळाली नाही, तिने मागचं दार उघडलं. "अपा, उतरा! धूर! उतरा!" आणि तो म्हातारा, सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसलेला.

"गाणं संपू दे," म्हणाला.

अहो, गाडी पेटतेय! "गाणं संपू दे!" ओफेलिया ओढतेय, तो हलत नाही. एवढी वर्षं लाकडी वाद्य पेललेले हात ते, तिच्या ओढण्याने सुटतात होय? बॉनेटच्या फटीतून आता धूर, आणि डिकीतून आपलं धड् धड् चाललेलं, लग्नात असल्यासारखं!

मग काय झालं मला माहीत नाही. मी कुंपणाशी होतो, आणि नंतर मी बॉनेटशी होतो. मधलं काही आठवत नाही. किल्ली फिरवून गाडी बंद करावी, हे सुचलं का? नाही सुचलं! बॉनेट वर केलं तर ती लाल वायर... लाल कसली, काळी पडलेली, वरचं प्लास्टिक फुगून फसफसतंय, आणि पत्र्याच्या भोकापाशी, जिथे ती आत शिरत होती, तिथे चिटचिट ठिणग्या. मी करडा कोट काढला, हाताला गुंडाळला, देवाच्या आईचं नाव घेतलं, वायरीचं बॅटरीवरचं टोक धरलं आणि उपटलं. पहिल्यांदा आलं नाही. कोटातून चटका बसायला लागला. मी ओरडत होतो, काय ओरडत होतो तर, 'काही होत नाही! काही होत नाही!' दुसऱ्यांदा पाय बंपरला लावला आणि उपटलं ते मी मागे गवतात आडवा.

आणि धडधड बंद. दारातले लहान स्पीकर आपले गात होते बिचारे, अकॉर्डियन ऐकू येत होतं, गाणारा गात होता... पण ते आपल्याला. म्हाताऱ्याला नाही. त्याची पाठ बहिरी झाली होती.

मी गवतात पडून आभाळ बघतोय, जिवंत आहे का तपासतोय, आणि गाडीतून आवाज आला. खणखणीत.

"कोणी बंद केलं ते? कुठल्या गाढवाने बंद केलं?"

तुम्हाला सांगतो, दीड वर्ष माझ्या घरात राहून त्या माणसाने माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य!

फिदे आला त्याचा ट्रक घेऊन. वायर बघितली, भोक बघितलं. पत्र्याची धार वायरीला करवतीसारखी कापत होती, आणि फ्यूज असता तर तो पटकन उडाला असता आणि सगळं तिथेच थांबलं असतं, हे त्याला बघताक्षणी कळलं, मला दिसलं ते. फ्रीजएवढा माणूस पांढरा पडला. पण तेवढ्यात ओफेलियाने त्याला सांगितलं, अपा बोलले! बेस वाजवला हवेत! गाढव म्हणाले एव्हारिस्तोला! झालं. फिदेने तिथेच गवतात बहिणीला उचलून गरगर फिरवलं. सासरेबुवा गाडीतून उतरले, आपण होऊन, आणि मुलाला त्या बेसवाल्याच्या चुका समजावून सांगायला लागले. तिघं रस्त्याच्या कडेला हातवारे करतायत, ट्रक भर्रकन जातायत, सगळ्यांना आनंदच आनंद... आणि मी? करड्या कोटाची बाही जळून कोपरापर्यंत आलेली, तळहातावर टम्म फोड. विचारलं कुणी? कुणी नाही!

फिदेच्या ट्रकमधून घरी येताना ओफेलियाने माझा हात उलटा केला. बघितलं. त्यावर हळूच फुंकर घातली.

"घाबरला होतास?" म्हणाली.

म्हटलं, "घाबरलो होतो? अगं, मी पळालो होतो!"

"बघितलं मी. मग परत कशाला आलास?"

आता काय सांगणार? मी खूप आठवून बघितलं, अजून बघतो. माझ्या ऑफिसात प्रत्येक गोष्टीचं कारण लिहावं लागतं, कारणाशिवाय दावा पुढे सरकत नाही. याचं मला लिहिता येत नाही. ती म्हणाली, असू दे. आणि घरापर्यंत हात धरून बसली, फोडाच्या बाजूने नाही, दुसऱ्या बाजूने.

तर मी म्हटलं, सुटलो! आता निघणार हे खुराडं! कसलं निघतंय? दुसऱ्याच दिवशी फिदेने स्वतः गाडी एका चांगल्या दुकानात टाकली. नवी वायर, भोकाला रबर, बॅटरीजवळ फ्यूज, किंकाळी गेली, आरसा बसला. तो फ्यूज मला बॉनेट उघडून दाखवला त्याने, मान खाली घालून. म्हणाला, "दाजी, आता खरंच काही होत नाही." म्हणजे आधीचं खोटं होतं! हे कबूल केलं का त्याने? पण मी बॉनेट लावून टाकलं. त्याचे डोळे ओले होते.

आणि आता काय? आता रोज! रोज संध्याकाळी मी ऑफिसमधून येतो तर सासरेबुवा हॅट घालून पायरीवर तयार. मागच्या सीटवर, बरोब्बर वूफरला पाठ लावून. मी बिचारा दिवसभर जळलेल्या गाड्या वाचून आलेला, आणि पुन्हा गाडी! गल्ल्यांतून, बाजारातून, तलावावरून, धड् धड् धड्! दर वळणावर मी वास घेतो. कुठे काही जळतंय का? शेजारच्या बेकरीचा पाव जळला तरी मी गाडी थांबवतो! पूर्वी मला फक्त गाडीची भीती वाटायची. आता लोकांची, कुत्र्यांची, शाळेपुढच्या पाटीची, सगळ्याची वाटते. आणि मागून म्हातारा बोलत असतो, हो, आता बोलतो, कुठल्या लग्नात नवरा पळाला, कुठल्या नाचघराचं छप्पर गळायचं, सासूबाई पहिल्यांदा कुठल्या खांबाला टेकून उभ्या होत्या... मी ओरडून 'हो का?' म्हणतो, ते त्याला ऐकू येत नाही, तो सांगतच राहतो. घाबरू नको तर काय करू? पण ऐकतो. पुढच्या वळणावर काय झालं ते ऐकायचं असतं ना.

आणि व्हायचं ते परवा झालंच. मागे निळे-लाल दिवे. पोलीस! मी गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, सगळी बोटं दिसतील अशी, घाम कॉलरपर्यंत. जुन्या सवयीने मी मनात दावाच लिहायला लागलो, 'मी काही केलं नाही, मी फक्त सासऱ्यांना फिरवत होतो...' तो पोलीस खिडकीशी वाकला. तरुण पोरगा, चष्म्यात मला माझंच तोंड दिसत होतं, पांढरंफटक.

"सर, तुमच्या गाडीचा आवाज किती आहे, कल्पना आहे? मला माझ्या गाडीच्या सीटमध्ये जाणवत होता."

 मागून सासरेबुवा म्हणाले, "काय म्हणतोय हा?"

मी वळून सगळा जीव एकवटून ओरडलो, "आवाज जास्त आहे म्हणतायत!"

"आवाज?" सासरेबुवांनी हॅट काढली, पोलिसाकडे बघितलं, आणि अगदी निरागसपणे म्हणाले, "कुठे? मला तर काहीच ऐकू येत नाही."

तो पोरगा ओठ चावत उभा. मग त्याने चष्मा काढला, पुसायचं काही नव्हतं तरी पुसला. म्हणाला, "या वेळी सोडतो, सर. जरा कमी ठेवा. आणि तुम्ही... तुम्हाला बरं वाटतंय ना? पाणी हवंय का?"

म्हटलं, नको. गेला तो.  मी कपाळ पुसलं, आवाज अगदी कमी केला, जुन्या स्टिरिओएवढा, देवाचे आभार मानले, गाडी गिअरमध्ये टाकली... आणि खांद्यावर मागून हात पडला. दोन बोटांनी टकटक केलं.

"गेला ना तो?"

मी मान हलवली.

"मग वाढव."

...काय करणार? वाढवला.